बन्सीभाऊंच्या काळ्या पट्ट्या

लतावहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅसवाल्याशी हुज्जत घालत होते. सिलिंडर दारात ठेवून तो निघाला होता आणि मी त्याला वजन करून दाखव म्हणून अडवलं होतं. एका हातात फोन, दुसरा हात सिलिंडरवर. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "मॅडम, त्या गयात… आते, च्या पेता पेता." बन्सीभाऊ गेले, हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. आणि कळल्यावर माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "अहो, मग गुरुवारच्या कार्यक्रमाचं काय?" गुरुवारी आमच्या महिला मंडळाचा मेळावा होता आणि वर्षभराचे फोटो पडद्यावर दाखवायचं काम बन्सीभाऊंकडे होतं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्या फोटो त करी ठेयेल शेत." माणूस गेल्याला अजून तास झाला नव्हता आणि त्याची बायको मला माझं काम झाल्याचं सांगत होती.

बन्सीभाऊ आमच्या शाळेचे लिपिक. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे आमचं गाव. एका बाजूला केळी-पपईचे मळे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे ही शाळा. मी तिथे मुख्याध्यापिका म्हणून आले ती नाशिकहून, कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक जीभ घेऊन. पहिल्याच आठवड्यात मी फर्मान काढलं की शाळेच्या आवारात अहिराणी चालणार नाही, प्रमाण मराठीच बोलायचं. शिक्षक बिचकले, मुलं तर मुकीच झाली. बन्सीभाऊंनी मात्र ते परिपत्रक आपल्या सुंदर अक्षरात लिहून फलकावर लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लायी दिधं, मॅडम." मी डोळे वटारले. ते हसले. पुढची बावीस वर्षं ते माझ्याशी अहिराणीत बोलले आणि मी त्यांना प्रमाण मराठीत उत्तरं दिली. यात दोघांपैकी कोणीच हरलं नाही.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला प्रोजेक्टर भेट दिला तेव्हा तो वर्षभर खोक्यातच होता. बिघडला तर जबाबदारी कोणाची, या भीतीने मीच त्याला कपाटात कुलूपबंद केलं होतं. बन्सीभाऊंना फोटोंचा नाद जुना. रिळाचा कॅमेरा होता तेव्हापासून ते सहलीचे, स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचे. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि सुट्टी संपता संपता मला सांगितलं की आता शाळेच्या क्रीडा महोत्सवाचे फोटो भिंतीवर दाखवू. तो पहिला खेळ म्हणजे नुसती फजिती. भिंत पिस्ता रंगाची, त्यामुळे सगळी मुलं कावीळ झाल्यासारखी दिसत होती. अर्धे फोटो आडवे पडले होते, प्रेक्षक माना वाकड्या करून बघत होते. आणि कहर म्हणजे क्रम. भाऊंनी फोटोंना एक, दोन, तीन असे आकडे दिले होते, पण संगणकाने एकच्या मागे दहा लावला, मग अकरा, मग बारा, आणि दोनचा नंबर आला कधीतरी एकोणीसच्या मागे. त्यामुळे जिंकलेल्या मुलीने आधी ढाल घेतली, मग ती शर्यतीच्या रेषेवर उभी राहिली. पालक पोट धरून हसले. मी त्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावून चांगलंच सुनावलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "सापडनं मॅडम. आधी दोन शून्य देवाना, मंग एक." एवढ्याशा गोष्टीचा त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. पुढे कोणाला काही शिकवताना ते तेच म्हणायचे, आधी शून्य, मग एक.

हळूहळू त्यांची एक पद्धत बसली आणि ती त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. लॅपटॉपवर दोन फोल्डर. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'पडदा'. मोबाइलवरून, कॅमेऱ्यातून आलेले फोटो जसेच्या तसे 'मूळ'मध्ये जायचे आणि तिथे कोणी हात लावायचा नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. मग त्यांची नक्कल 'पडदा'मध्ये. तिथे ते फोटो लहान करायचे, कारण हल्लीच्या मोबाइलचे फोटो इतके जड असतात की त्यांचा म्हातारा लॅपटॉप एकेका फोटोला दम खात बसे. आडवे पडलेले उभे करायचे. मग चेहरे. आपल्याकडची माणसं उन्हात राबणारी, फोटो काढतातही भर दुपारी, आणि प्रोजेक्टरचा दिवा थकलेला… भिंतीवर आलं की तोंडं काळोखात जातात आणि नुसते सदरे दिसतात. भाऊ एकेक चेहरा उजळत बसायचे. एकदा मी सहज म्हटलं, माझाही जरा उजळा हो. ते म्हणाले, "दिखाजोगं करसू मॅडम, गोरं नही करसू." आणि खरंच, त्यांनी कधी कोणाला गोरं केलं नाही. लग्नघरातून गळ घालायचे लोक, तरी नाही.

पिस्ता रंगाच्या भिंतीवर त्यांनी तोडगा काढला तो लतावहिनींच्या पांढऱ्या चादरीचा. डबल बेडची, कोरी, काठ नसलेली चादर. कार्यक्रमाच्या दिवशी ती इस्त्री करून, गुंडाळी करून मोटरसायकलवर आडवी बांधून आणायची, घडी घालायची नाही. घडीची रेघ नेमकी कोणाच्या तरी तोंडावरून जाते, असं त्यांचं म्हणणं. मग दिवसाउजेडी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, कोणाला तरी शेवटच्या बाकावर बसवायचं आणि स्वतः चादरीजवळ उभं राहून ओरडायचं, "मांगे दिखस का?" मागून "दिखस!" असं उत्तर आलं की पुढचा फोटो. उत्तर यायला जरा उशीर झाला की तो फोटो परत लॅपटॉपवर. खुद्द कार्यक्रमातही मधूनच त्यांची हीच हाक यायची. मी कितीतरी वेळा त्या शेवटच्या बाकावर बसले आहे आणि प्रत्येक वेळी "हो, दिसतंय" असं उत्तर दिलं आहे. ते समजून घ्यायचे.

आता त्या गोष्टीकडे यायला हवं. इतका वेळ मी ती पुढे ढकलते आहे, हे माझं मलाच कळतंय.

सात वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या कारकिर्दीचे फोटो दाखवायचे ठरले. आदल्या दिवशी भाऊंनी मला सगळं दाखवलं. शेवटचा फोटो सर्व कर्मचाऱ्यांचा होता, त्याच महिन्यात काढलेला. व्हरांड्यासमोर सगळे एका लांब ओळीत उभे, मध्ये खुर्चीवर मी. फोटो लांबट होता आणि आमच्या जुन्या प्रोजेक्टरचा चौकोन उंचट. त्यामुळे चादरीवर वर आणि खाली जाड काळ्या पट्ट्या दिसत होत्या आणि मधल्या जागेत आम्ही सगळे लहान लहान. मला ते मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, हे काय? शेवटचा फोटो आहे. पडदा भरून आला पाहिजे."

ते म्हणाले, "पडदा भराना त फोटो कापना पडी, मॅडम. कडले उभा ऱ्हास तो कापाई जास. पट्टी ऱ्हायनी त काय व्हस?"

"वाईट दिसतं ते."

"पट्टी वाईट दिखस नही. माणूस नही दिखना त वाईट दिखस."

मी म्हणाले, "भाऊ, कार्यक्रम माझा आहे."

एवढंच. पण ज्या आवाजात मी ते म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. बावीस वर्षांत मी त्यांना पुष्कळ बोलले होते, ते सगळं कामाचं होतं. हे तसं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप ओढला, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा फोटो कापला आणि पडदा भरला. मी मोठी दिसत होते. मी म्हटलं, "आता कसं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल खच्चून भरला. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मथुरामावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि रनाळ्याहून आपल्या बहिणीलाही घेऊन आल्या होत्या. इतकी वर्षं चुलीपाशी गेली, पण त्या फोटोच्या दिवशी भाऊंनी त्यांना चुलीपासून उठवून ओळीत उभं केलं होतं. आज आपण भिंतीवर दिसणार म्हणून त्या दोघी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. शेवटचा फोटो आला. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांतच मथुरामावशींचा खणखणीत आवाज आला, "आन मी कोठे शे?" त्यांचा हात ओळीच्या उजव्या टोकाकडे गेला. तिथे नुसता एक खांदा होता आणि लुगड्याचा काठ. लोक हसले. बहीण म्हणाली असावी काहीतरी, कारण मावशींनी पदर तोंडावर ओढून घेतला. मी स्टेजवर होते, गळ्यात हार, हातात नारळ. मला सगळं दिसलं. मी खाली उतरले नाही.

पुढचं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि ती चादर घेऊन मावशींच्या घरी गेले. दार-खिडकी लावून घेतली आणि त्या दोघी बहिणींना पुरा फोटो दाखवला, काळ्या पट्ट्यांसकट. "मन्हा हात चुकना, मावशी," म्हणाले. मावशींनी आधी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी भाऊंना एक नाव ठेवलं. बाजारात, लग्नात, कुठेही भाऊ दिसले की मावशी हाक मारायच्या, "दखा, कातरवाला भाऊ उना!" चारचौघं हसायचे. भाऊही हसायचे. अनेकदा मी तिथेच उभी असायचे आणि पिशवीतलं काहीतरी शोधू लागायचे. भाऊंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते… असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर नसते बोलले. लोकांत माझी जी प्रतिमा होती, ती मला फार प्यारी होती.

भाऊ गेल्यावर दारावर बसायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे याला 'दारवर येणं' म्हणतात. सकाळी मंडळी येतात, ओट्यावर टाकलेल्या सतरंजीवर बसतात, थोडं रडतात, थोडं बोलतात, पाणी पिऊन जातात. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं आणि लॅपटॉप पुढे ठेवला. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सभा होणार होती, तिथे दाखवायला भाऊंचे फोटो काढून द्या म्हणाल्या. मला त्यातलं किती कळतं? पण शेवटच्या बाकावर बसून जे कानावर पडलं होतं त्यावर मी सुरुवात केली. आणि पंचाईत अशी की त्या हजारो फोटोंत भाऊ कुठेच नव्हते. ते नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. आधार कार्डावरचा एक चेहरा, एका लग्नात पाठमोरे, एका फोटोत नुसती त्यांची सावली. तासाभराने मी 'मूळ' उघडलं आणि माझ्या निरोप समारंभाच्या नावाच्या फोल्डरमध्ये गेले.

तो लांबट फोटो पूर्ण उघडला. उजव्या टोकाला मथुरामावशी, हातात खिचडीचा मोठा डाव तसाच, ठेवायला वेळ मिळाला नसावा. आणि डाव्या टोकाला बन्सीभाऊ. किंचित हललेले, शर्टाचा एक कोपरा बाहेर आलेला. कॅमेरा स्टुलावर ठेवून, दहा सेकंदांचं बटण दाबून, धावत येऊन ते ओळीच्या टोकाला उभे राहिले होते. दोन्ही बाजूंनी कापायला मी सांगितलं तेव्हा एका बाजूला मावशी होत्या आणि दुसऱ्या बाजूला ते स्वतः होते. त्यांनी माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून स्वतःला कापलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मावशींनी निदान विचारलं तरी, मी कुठे आहे. भाऊंना सात वर्षांत कोणी शोधलंही नाही. मी तर त्या कापलेल्या फोटोची चौकट करून घरात लावली आहे. रोज पाहते. मला कधी दिसलं नाही. मी तिथे वहिनींच्या खोलीत बसून रडले, मोठ्याने, लोकांना काय वाटेल याचा विचार न करता.

डोळे पुसून बाहेर आले तर मथुरामावशी ओट्यावर बसलेल्या. आता थकल्या आहेत, काठी घेऊन चालतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मावशी, तो फोटो भाऊंनी नव्हता कापला. ते नको म्हणत होते. मी कापायला लावला."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "सात वरीस मी त्याले कातरवाला म्हणत ऱ्हायनी. तुम्ही तठेच उभ्या व्हत्यात ना, मॅडम?"

"हो."

"तो हसे."

"हो, मावशी."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं आता त्या मला बोलतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मंग दखाडा तो फोटो. पुरा दखाडा. मन्ह्या एकलीले नही, बठ्ठासले." एकटीला नाही, सगळ्यांना.

गंधमुक्तीची जेवणं उठल्यावर मंडळी हॉलमध्ये जमली. खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. चादर वहिनींनी स्वतः इस्त्री करून, गुंडाळून आणली होती. प्रोजेक्टर तोच, घरघर करणारा. मी फोटोंना आकडे दिले होते, आधी दोन शून्य, मग एक. शेवटचा फोटो लावण्याआधी मी उभी राहिले. मी सांगितलं की सात वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये एक फोटो कापून दाखवला गेला, तो कापण्याचा हट्ट माझा होता, बन्सीभाऊंनी मला अडवलं होतं, आणि तरी नाव त्यांचं झालं. मी गप्प राहिले. त्याबद्दल मी मथुरामावशींची आणि बन्सीभाऊंची माफी मागते. पुढे बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मान खाली घातली. मग मी बटण दाबलं.

फोटो आला. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, आणि मध्ये लहान लहान आम्ही. माझं लक्ष डाव्या टोकाकडे होतं. भाऊंचा चेहरा मी माझ्या परीने उजळला होता, किती जमलं होतं देव जाणे. इथे नेहमी एक आवाज यायचा, तो कोणी दिला नाही. सगळेच त्याची वाट पाहत असावेत असं वाटलं… आणि ज्या शाळेत मी बावीस वर्षं अहिराणीचा एक शब्द तोंडातून काढला नाही, तिथे चादरीजवळ उभी राहून मी ओरडले, "मांगे दिखस का?"

मावशी या वेळी पहिल्या रांगेत बसल्या नव्हत्या. त्या स्वतःहून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "दिखस मॅडम. दोन्ही कडना दिखतस."

पुढच्या गुरुवारी महिला मंडळाचा राहिलेला मेळावा झाला. भाऊंनी करून ठेवलेले फोटो मी तसेच दाखवले, एकालाही हात न लावता. चादर आता माझ्याकडे असते, वहिनींनी हट्टाने दिली. परवा इस्त्री करताना तिच्या एका कोपऱ्यावर केळीच्या चिकाचा डाग दिसला, कधीचा आहे कोण जाणे, तो काही निघाला नाही. घरातली ती चौकट मात्र मी उतरवली. तिच्यातला फोटो काढला आणि पुरा फोटो छापून आणला. दुकानदार म्हणाला, मॅडम, या चौकटीत बसणार नाही, बाजू कापाव्या लागतील. मी त्याला म्हटलं, वर-खाली काळ्या पट्ट्या राहू दे.